चार बोटं वर गेलेला दगड

प्रिय रज्जाकचाचा,

सलाम. उद्या सकाळी तुमच्या हातची गटार फोडायची आहे. आपल्या प्लॉटांच्या लेआउटमधली, खालच्या गल्लीतली. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. तरी दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच तुम्हाला सांगावं असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

पाणी उलटं फिरतंय, चाचा. शेवटच्या घरात राहायला आलेल्या ताईंच्या दारात सांडपाणी साचतं. त्या विटांवर पाय ठेवत घरात जातात. सगळे म्हणतात, "रज्जाक मिस्तरीनी उतार चुकाडा." आणि मी? आठ दिवस मान खाली घालून ऐकत राहिलो.

पावसाळ्यानंतर खालची गटार सुरू करताना चेंबरपाशी तुम्ही पाण्याची नळी उलगडली होतीत, आठवतं? उंची पुन्हा तपासायची होती तुम्हाला. म्हणालात, "तुन्हा मशीनले इचारं ना, आते मन्ही नळीले बी इचारी दख. पानी मांगे फिरी." मी सगळ्या मजुरांसमोर म्हणालो, "चाचा, नळीना जमाना गया." दोघं-तिघं हसले. तुम्ही नळी गुंडाळलीत आणि मी दिलेल्या आकड्यांवर गटार बांधलीत. का हो? हट्ट का धरला नाहीत? दोन शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकलं असतं.

खरं सांगू? नसतं ऐकलं.

डिप्लोमा पहिल्याच वर्षी सुटला माझा. उंची मोजायचं मशीन साइटच्या साहेबांनी हातात दिलं, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला हुशार म्हणालं. प्रत्येक आकडा मी तीनदा बघायचो. वहीत खाडाखोड नको म्हणून आधी पेन्सिलीनं, मग पेनानं. तुम्ही चिडवायचात, "तुन्हं अक्षर मोतीनागत शे. आते जरा मातीकडे बी दख." मी मातीकडे बघितलं नाही, चाचा.

आपण सगळ्या उंच्या बांधावरच्या त्या एका दगडावरून मोजायचो. खूण म्हणून त्यावर लाल रंगाचा गोल ठिपका मीच दिला होता. वरच्या गल्लीतली गटार झाली आणि पावसाळ्यात काम थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा दगडाला शेंदूर होता, पुढे नारळाची शेंडी होती. मी पाया पडलो आणि त्याच्यावरच मोजायची पट्टी उभी केली. काही बदललंय का, हे विचारलंच नाही.

परवा शेजारच्या शेतातल्या आजींना विचारलं. त्या कौतुकानं म्हणाल्या, "देव मातीमा व्हता रे भाऊ, म्हनीसन खाले ओटा करी दिधा." चार बोटांचा ओटा! आपल्याकडची जमीन इतकी सपाट की सगळा उतार चार बोटांत संपतो. दगड वर गेला, तेवढीच खालची गटार वर आली. आजींना काय बोलणार? दगड लाल कुणी केला होता?

आज साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मिस्तरी आता नाही. त्याच्या नावावर राहू दे. गटार दुरुस्त करू, तू तोंड बंद ठेव."

गटार दुरुस्त होईल, चाचा. पण तुमच्या सलीमचं काय? पुरुषोत्तमनगरच्या एका घरमालकानं त्याला ठरलेल्या कामावरून काढलं. "बापनी गटार दखी. आते पोऱ्याकडथीन घर कोन बांधी?" हे त्यानं मला सांगितलं ते चहा पिता पिता, हसत. तुमच्यासारखाच आहे. मला काहीच विचारलं नाही त्यानं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या जनाज्याला मी शेवटच्या रांगेत उभा होतो. तेव्हाही माफी मागता आली नाही. तेव्हा तर चूकच ठाऊक नव्हती. पण सगळ्यांसमोर तुमचं हसं केलं होतं, तेवढं तरी ठाऊक होतं ना!

साहेब उद्या कदाचित मला घरी पाठवतील. पाठवू देत. पण पहिला घण पडण्याआधी मी त्या ताईंसमोर, मजुरांसमोर आणि सलीमसमोर सांगेन, की मिस्तरींनी मला थांबवलं होतं, चूक माझी आहे. तिथून थेट पुरुषोत्तमनगरला त्या घरमालकाकडे जाईन आणि तेच सांगेन. माझा आवाज कापेल, तुम्हाला माहीत आहे. तरी वाक्य अर्धवट सोडणार नाही.

तुमचा,
योगेश