दुष्काळातलं सारवण

परभणी,
१४ ऑक्टोबर १९७३

प्रिय अक्का,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुझ्या मनात आलं असेल, हा पुन्हा कुठंतरी अडकला. नाही अडकलो. रोज सकाळी जेलात जातो हे खरं, पण संध्याकाळी बाहेर येतो, म्हणून घाबरू नको. दाजींची तब्येत कशी आहे? सोनाजीभाऊंचं पाण्याचं इंजिन सापडलं का? आणि आपल्या मळ्यातल्या जुन्या विहिरीचं पाणी गुरं आता पितात का? हे शेवटचं मी सहज विचारलं असं समजू नको.

तंबू टॉकीजवाल्यांना मी कळमनुरीलाच रामराम ठोकला. रोज तेच पडदे बांधा, तेच सोडा. तिथल्या बाजारात भज्याच्या गाड्यावर एक प्राध्यापक साहेब भेटले. औरंगाबादचे. तांड्याची बोली येणारा माणूस शोधत होते. म्हटलं, मला येते. कुठं शिकलास, म्हणाले. म्हटलं, दोस्ताच्या आईच्या हातची भाकर खाता खाता. हसले आणि ठेवून घेतलं. त्यांची पेटी उचलायची, कैद्यांचं बोलणं त्यांना समजावून सांगायचं आणि पत्रक भरायचं, असं माझं काम. जेवण बराबर मिळतं. इथं स्टेशनजवळ एकाकडे इतकी झणझणीत शेव मिळते की... जाऊ दे, ते नंतर.

साहेबांचा शोध असा की माणूस गुन्हा काहून करतो. त्यासाठी छापील पत्रक आहे, पाच रकाने. पहिला रक्ताचा. परदेशात कुणी डॉक्टर होता म्हणे, तो डोकं, जबडा मोजून सांगायचा की हा जन्माचाच चोर. साहेबांना ते पटत नाही, तरी शिंप्याची टेप घेऊन डोकी मोजतात. दुसरा संगतीचा, म्हणजे सुताराचं पोरगं सुतारकी शिकतं तसं चोरी शिकतात. तिसरा गरजेचा, चौथा भीतीचा, म्हणजे पकडलो तर काय होईल याचा हिशेब माणूस करतो की नाही. पाचवा मला आवडला. एखाद्याला गावानं चोर चोर म्हणत राहिलं की तो शेवटी चोरच होऊन बसतो. एका दुपारी गंमत म्हणून साहेबांनी माझंच पत्रक भरलं. बाप लहानपणी गेला, शाळा सातवीत सुटली, ठाव नाही ठिकाणा नाही, मित्र तांड्यातले, गावात नाव उनाड. पाचही रकान्यांत खुणा. साहेब म्हणाले, "जळबा, तू अजून बाहेर कसा रे?" सगळे हसले. मीही हसलो.

मग मला एक खोड सुचली. कोरं पत्रक घेतलं आणि ओळखीच्या एका माणसाचं मनातल्या मनात भरलं. चाळीस एकर जमीन, कणगीत दोन वर्षांची ज्वारी, घरावर पत्रे, लग्नाकार्यात पहिला मान. एकाही रकान्यात खूण होईना. साहेबांना विचारलं, "सर, ही सगळी पत्रकं पकडलेल्यांचीच. जे पकडलेच नाहीत त्यांना कुणी विचारायचं?" साहेबांनी पत्रकाच्या कोपऱ्यात माझा प्रश्न लिहून घेतला.

मंगळवारी एकशे बारा नंबरचा कैदी आत आला. मी मान खाली घालून लिहीत होतो. नाव विचारलं. "तुला ठाव न्हाई व्हय?" वर पाहिलं तर देवला. आपला देवला, तांड्यातला माझा दोस्त, सोनाजीभाऊंचं इंजिन चालवायचा तो. अंगावर ती पट्ट्यापट्ट्यांची बंडी, गालफडं बसलेली. इंजिन चोरलं म्हणून दीड वर्षाची सजा. पुरावा काय, तर इंजिन फिरवायचं हँडल त्याच्या झोपडीत सापडलं. ते तर रोजच त्याच्या झोपडीत असायचं, कुणी रात्री इंजिन चालवू नये म्हणून. पत्रकातला प्रश्न मला विचारावाच लागला, गुन्हा का केला? देवला हसला. म्हणाला, "तूच लिही की रं. तू त्या दिवशी तिथंच व्हतास." नंतर म्हणाला, "काहून थांबला? शाई संपली का?" साहेबांनी त्याच्या डोक्याला टेप लावली आणि आकडा सांगितला. मी आकडा लिहिला. बाकी कागद कोरा राहिला.

अक्का, त्या दिवशी मी तिथंच होतो. चैत्र होता, दुष्काळाचा. आपली विहीर आटलेली, तळाशी नुसता गाळ, आणि बांधापलीकडे सोनाजीभाऊंचं इंजिन दिवसभर फटफटत असायचं. त्यांचा मका हिरवागार. दाजी जेवताना मधेच घास थांबवून तो आवाज ऐकायचे, हे मी पाहिलंय. म्हणायचे, "ऐक, सोनाजी छाती बडवून राहिला." सकाळी बोंब झाली, इंजिन गेलं. जमादार गाडीच्या चाकांचा माग काढत बांधावरून थेट आपल्या अंगणापर्यंत आला. पुढं माग नाही. दाजींनी त्याला बाजेवर बसवलं, तू चहा दिलास. त्यानं सगळीकडे पाहिलं आणि पलीकडच्या तांड्याकडे बोट केलं. म्हणाला, "तिकडंच गेलं असंल. अजून कुठं जातंय?" अंगणाकडे त्याचं लक्षच गेलं नाही. सारवण पुरुषांना दिसतच नाही. मला दिसतं, कारण माय गेल्यावर तू मला ओल्या सारवणावरच बोट धरून अक्षरं शिकवलीस. तुझ्या हाताचे ते अर्धगोल मी कुठंही ओळखीन. त्या सकाळी ते गोठ्याच्या फाटकापासून मागच्या मुरमापर्यंत, जिथं चाकं उमटत नाहीत तिथवर, ओले होते. आणि घरात प्यायला दोन घागरी पाणी होतं, कोसभर चालून तूच आदल्या संध्याकाळी आणलेलं. मी उठलो तेव्हा दोन्ही घागरी पालथ्या होत्या.

तरी मी मनाला समजावलं. मग पोळ्याला आलो. बैल धुवायला नदीवर ने म्हणालीस, जुन्या विहिरीवर नको. मला चालायचा कंटाळा, म्हणून तिथंच नेले. बैलांनी पाणी हुंगलं आणि फुरफुरून मागं सरले. पाण्यावर तवंग होता, मोराच्या पिसासारखा. गावाकडच्या विहिरीत रॉकेल कुणी ओतत नाही, अक्का, ते इंजिनातच असतं. मी बैल नदीवर नेले, पुरणपोळी खाल्ली आणि निघून गेलो. दाजींनी ते काहून केलं असेल याला साहेबांकडे रकाना नाही. शेजाऱ्याचं हिरवं बघवेना, हे कुठं लिहायचं? आणि तू सारवलंस ते कशापायी? भीतीपायी, की कुंकवापायी? मी सहा महिने गप्प बसलो, ते कोणत्या रकान्यात टाकू? तुझ्या चुलीवरची भाकर मला सुटली असती, एवढंच मला कळतं. देवलाची आई तर अजून तांड्यातल्या पोरांना सांगते म्हणे, जळबा आला की त्याला उपाशी जाऊ देऊ नका.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगतो. २२ तारखेला, सोमवारी, मी फौजदाराला घेऊन जुन्या विहिरीवर येतोय. साहेब सोबत आहेत, त्यांनी अर्ज लिहून दिलाय. हे पत्र तू दाजींना दाखवशील असा माझा संशय आहे. दाखव. विहीर तुडुंब भरलीय, दाजींनी ते इंजिन आधीच वर काढायचं म्हटलं तर अख्खं गाव बोलवावं लागेल. मी तवंग दाखवीन, इंजिन दाखवीन. त्या सकाळच्या पालथ्या घागरींचं माझ्या तोंडून निघणार नाही. ते बोलायचं की नाही, तुझं तू ठरव. नंतर दार लावून घेतलंस तरी माझी तक्रार नाही. फक्त एक कर, अक्का. आता घरात पाणी भरपूर आहे, तरी सोमवारी सकाळी अंगण सारवू नको.

ओल्या शेणावर ज्याला 'ज' काढायला शिकवलंस, तो
तुझाच
जळबा