बोथट नाकाची गोळी आणि पहिला वाटा

मी, आत्माराम सीताराम परब, मूळ गाव कुडाळजवळचं, सध्या राहणार वोल्फ्सबुर्ग, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. कान त्याहूनही ठिकाणावर आहेत. स्वयंपाकघरात माझ्याबद्दल काय चाललंय ते मला इथे बसून ऐकू येतं. पूर्वी काही लिहून ठेवलं असेल तर ते आजपासून रद्द. कोर्टासाठी जो कोणी याचं जर्मन करेल, त्याला विनंती की विनोद गाळू नयेत.

१. राहतं घर आणि त्यातलं सगळं सामान पत्नी शैला हिचं. बागेतली कढीपत्त्याची कुंडी थंडीत आत घ्यावी, हे तिला सांगायला नको. मला सांगावं लागायचं.

२. बँकेतली शिल्लक शैला, मुलगा क्षितिज आणि मुलगी वल्लरी यांनी सारखी वाटून घ्यावी. वाटणीवरून वाद झाला तर शैला म्हणेल ते खरं. आयुष्यभर तेच चालत आलंय आणि त्यात माझं नुकसान झालेलं नाही.

३. हत्यारं धार लावण्याचा माझा कारखाना विकून झाला आहे. पण माझा पहिला मायक्रोमीटर मी राखून ठेवला, तो क्षितिजला. तो हॅम्बर्गला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला त्याचा उपयोग शून्य. असू दे. टेबलावर ठेव, बाबा.

४. आता बंदूक. खाली ओढायच्या लिव्हरची माझी कार्बाइन क्षितिजने भिंतीवर लावायला मागितली होती. शैलाने दोनदा सांगितलं, "अहो, विका ती एकदाची." दोघांचं ऐकून घेतलं. कार्बाइन वल्लरीला देतो. शिकारीचा परवाना तिच्याकडे आहे, नोंदणी तिने वेळेत करून घ्यावी. तिजोरीचा आकडा तिला ठाऊक आहे. शैला, तुला तो कधी सांगितला नाही तो इथल्या कायद्यामुळे, अविश्वासाने नव्हे.

निर्णय असा का, ते लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी फुगून बसायला नको.

शिकार मला इथे होर्स्टने दिली. माझं पहिलं गिऱ्हाईक तो, आणि पहिला मित्रही. त्याने मला हाक्याला नेलं. मी कोकणातल्यासारखा ओरडलो, तर डुकरांआधी शिकारीच उठले. त्या मंडळींतला क्र्यूगर माझी सिनेमातल्या काउबॉयसारखी कार्बाइन बघून दर हिवाळ्यात विचारायचा, "गुटन मॉर्गन, हेर काउबॉय! घोडा कुठे बांधला?" मी एकदा म्हटलं, "तोच शोधतोय. हा काय, आत्ताच खिंकाळला." तेव्हापासून आमची मैत्री आहे. माझी हिरवी टोपी त्याला द्यावी.

होर्स्ट गेल्यावर वल्लरी शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास झाली, म्हणून त्याच्या बायकोने, हेल्गाने, त्याच्या उरलेल्या काडतुसांची डबी प्रेमाने तिच्या हातात ठेवली. कॅलिबर आमचंच, पंचेचाळीस-सत्तर. डबीवर आकडाही तोच. आपल्याकडे कोणी दिलेलं वाया घालवत नाहीत. वल्लरीने पहिल्याच शिकारीला तीच खिशात घातली. पण होर्स्टची रायफल एका वेळी एकच काडतूस घेणारी. त्याच्या गोळ्या टोकदार होत्या.

सकाळी मचाणावर मी तिच्या शेजारी बसलो होतो. तिने नळीखालच्या मॅगझिनमध्ये एक काडतूस सरकवलं, मग दुसरं. माझ्या गोळ्या एकमेकींना टेकतात तेव्हा बोदा आवाज येतो. हा बारीक आला, सुईने वाटीला टोचावं तसा.

"वल्लू, थांब."

"वास डेन, बाबा?" काय झालं, असं तिने जर्मनमध्ये विचारलं.

"नळी जमिनीकडे. एकेक बाहेर काढ. सावकाश."

तिने नळी खाली केली. लिव्हर हळूहळू ओढत दोन्ही काढली, टोक बघितलं आणि तिचं तिलाच कळलं. त्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडातल्या टोपीवर, ठोका बसला की पेटते तिच्यावर. बार उडाला, धक्का बसला, तर आतलं काडतूस पेटू शकतं, आणि डावा हात तिथेच असतो. "शाइसं," ती म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्या खिशातली बोथट काडतुसं तिने भरली.

तासाभराने समोर डुकरीण आली, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. अंतर सोपं होतं. वल्लरीने कार्बाइन गुडघ्यावरून उचललीच नाही. पिल्लांच्या आईला मारायचं नसतं हे पुस्तकात आहे, पण पहिल्या शिकारीला, हातात भरलेली बंदूक असताना ते आठवणं वेगळं. कार्बाइन कोणाची, हे मी त्या मचाणावरच ठरवलं. शैलाला घडलं ते सगळं सांगितलं, तेव्हाच ती "विका" म्हणाली. शैला, तुझी भीती खरी आहे. म्हणून पुढचं कलम तुझ्यासाठी.

५. वल्लरी, ही अट आहे, सल्ला नाही. गोळी बोथट नाकाची, जड, बिनशिशाची. आपल्या रानात शिसं चालत नाही. पुढे दुसरी बंदूक घ्यायचं मनात आलं, तर चव्वेचाळीसचं काडतूस स्वस्त मिळेल, पण डुकराला कायद्याने पुरत नाही. तीस-तीसचं काठावर बसतं, आणि काठावर आपण बसत नाही. नवी डबी आणलीस की आधी रेंजवर जा; एकाच आकड्याच्या दोन डब्या दोन जागी मारतात. लांबचं जनावर सोडून दे. कोणी प्रेमाने काडतुसं दिली तर डांके म्हण, आणि दुकानदाराकडे जमा कर. माझे वडील ठासणीच्या बंदुकीत दारू भरताना म्हणायचे, "बंदुकेक मानवता ती घाल, तुका आवडता ती नको." म्हणजे बंदुकीला जी सोसते ती, आपल्याला आवडते ती नव्हे. त्यांच्याकडून मला एवढीच मालमत्ता आली. ती पुरली.

६. हेल्गाला हे कधीही कळू नये. तिच्या दारात दर वर्षी दिवाळीचा डबा जातो, तो जात राहावा.

७. शेवटचं. आमच्या वाडीत शिकार झाली की हाका देणाऱ्यापासून सगळ्यांना वाटा मिळायचा. पण पहिला वाटा जायचा त्या वर्षी ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरी. मी गेल्यावर वल्लरीच्या हातून पहिलं डुक्कर पडेल, त्याचा पहिला वाटा आमच्या घरी आणावा. शैला, ज्या बंदुकीला तू विका म्हणालीस तिच्याकडूनच तो येईल. दार उघड. आधी पोरीचे दोन्ही हात बघून घे, मग मालवणी मसाला घालून शिजव. मीठ कमी पडलं तरी या वेळी मी काही बोलणार नाही.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदारांशिवाय मला झोप येणार नाही, म्हणून शेजारच्या दोघांना चहाला बोलावून सह्या घेतल्या. साक्षीदार म्हणूनच त्यांना काही ठेवलेलं नाही. चहा मात्र दोनदा झाला.

(सही) आत्माराम सीताराम परब

साक्षीदार: (सही) कपिल दामले
(सही) ईश्वरी दामले

वोल्फ्सबुर्ग, १३ ऑक्टोबर २०२४