पोर्तुगालला निघताना

बाबा, जय भीम.

तुम्ही शाळेत मास्तर, आणि मी नववीत शाळा सोडली, पुढे वेल्डरशी लग्न केलं. सहा वर्षं तुम्ही बोलला नाहीत. आता आम्ही तिघं पोर्तुगालला निघालोय. तिथल्या कंपनीच्या साहेबांनी ह्यांच्याकडे सर्टिफिकेट मागितलं. हे म्हणाले, "कागद नइं साब, मेरा जोड तोड के देखो." त्यांनी घण घातला, पण जोड सुटला नाही.

तिथे सकाळी काय खातात, थंडीत कपडे कसे वाळतात, सगळं बघायचंय मला. तुम्ही न पाहिलेली तुमची नात पिंकी इथल्या पोरींशी तेलुगूत भांडते. ती विचारते, "तिथल्या पोरी तेलुगूत भांडतात का?"

फॉर्मवर शिक्षण 'नववी' लिहिताना तुम्ही आठवलात. हे पत्र टाकणार नाही. ते वाचून तुम्ही इथे बरकतपुऱ्याला आमच्या घरी आलात, तर माझा पाय निघायचा नाही.

तुमचीच,
दीक्षा