तासाला बारा लिटर

शुक्र. २४ एप्रिल, सकाळी ७.१०
तळघरात पाइपला चीर गेलीय. केसाएवढी. प्लंबरची गरज नाही. एकतीस वर्षं उत्तर समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर गळतीचे अंदाज बांधले, घरची गळती म्हणजे किरकोळ. लिटरचं माप पाच मिनिटांत भरलं. तासाला बारा लिटर. बायकोच्या, गुद्रुनच्या पेटीचे पाय दहा सेंटिमीटर, म्हणजे पाणी पेटीला लागायला सात दिवस.
पेटीत नातीचा, सुन्निव्हाचा बुनाद आहे, सणासमारंभाचा आपला पारंपरिक पोशाख. गुद्रुनने तीन हिवाळे त्यावर भरतकाम केलं आणि जानेवारीत गेली. ३ मेला तो घालून पोरगी चर्चमध्ये कन्फर्मेशनला उभी राहणार. पेटी सावकाश हलवू.

शनि. २५
मुलगी रागनहिल्ड फिशकेक घेऊन आली. तळघरात बराच वेळ काहीतरी विचारत होती. मी सेकंद मोजत होतो. हो हो म्हणालो. मोठी पिशवी घेऊन गेली, डबे असतील. जाताना म्हणाली, बाबा, आधी कॉक बंद करा. कॉक पेटीच्या मागे आहे. पेटी गुद्रुनने ठेवली तिथे आहे. शिवाय कॉक बंद केला तर मोजणार काय?

रवि. २६
तासाला वीस. माझा अंदाज चुकलेला नाही, चीर वाढली. नवी मुदत बुधवार.
शेजारचा ओइस्टाइन डोकावला. म्हणे, अरे तोरलाइव्ह, दोन मिनिटांचं काम आहे, सरक बाजूला. जन्मभर मासे विकले त्याने, याला प्रवाहातलं काय कळतंय.
उद्या आठला पेटी उचलणार. नक्की.

सोम. २७, ८.००
पेटीला हात लावला. झाकणावर गुद्रुनच्या अक्षरात चिठ्ठी: सुन्निव्हाचं आहे, ओल लागू देऊ नकोस.
कॉफी प्यायला वर आलो. जानेवारीपासून काहीच वाटत नाही. वाईटसुद्धा नाही. उद्या उचलू.

मंगळ. २८, ६.४०
पाणी पेटीला लागलं. तळघराची फरशी पेटीकडे उतरती आहे. ८७ साली मीच घातली होती. हिशेबात उतार धरायचा राहिला.

९.१५
पेटी उघडली. रिकामी.
रागनहिल्डला फोन केला. ती म्हणाली, बाबा, शनिवारी तुमच्यासमोर तर नेला. दोनदा विचारलं, नेऊ का म्हणून. हो हो म्हणालात.

११.००
ओइस्टाइनने पेटी एका हाताने सरकवली, कॉक फिरवला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

१२.००
गळती शून्य.

१.००
शून्य. माप धुऊन ठेवलं. उद्या सकाळी खाली जायला काही कारण नाही.