पिवळा झगा मागे ठेवलाय

बायामोन, ९ मार्च

प्रिय आई,

आशीर्वाद दे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र कपड्यांच्या खोक्यातच घालतोय.

मी मजेत आहे. ऑरलँडोत नेरेइदा मावशीकडे रमलीस ना? शेजारच्या मिगदालियाबाई तुरीच्या दाण्यांचा भात आणून देतात आणि वर टोमणाही मारतात, "आईला पळवून लावलंस, आता खा माझ्या हातचं!"

माझं नवं गाणं रेकॉर्ड करून झालं बरं का! दणक्यात झालंय. खालून ठोका असा घुमतो की फडताळातली भांडी थरथरतात, आणि वर मी, कसलीच घाई नसल्यासारखा, डुलत डुलत बोलतो. कुणाच्या बापाला भीत नाही असा. "ही गाणी नव्हेत, शिव्या आहेत," म्हणून तू निघून गेलीस. आता दोनच शिव्या उरल्यात, शपथ.

तू तीनदा कपडे मागितलेस आणि तीनदा मी थापा मारल्या. पोस्ट बंद, खोकं मिळत नाही, पाठ धरली. खरं सांगू? रेकॉर्डिंगला मी तुझ्या कपाटात शिरून गातो. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही, स्वच्छ येतो. जगाला आव्हान देतो ते तुझ्या चर्चच्या पिवळ्या झग्यात तोंड खुपसून! रेकॉर्डिंगचं मशीन सांभाळणारा माझा दोस्त होक्सान हसून लोळला. म्हणाला, "अरे वाघा, आईचा पदर सोड आता!"

गाण्यात एक ओळ होती, 'एकटा वर आलो, कुणाचा हात नव्हता.' अकरा वेळा म्हटली आणि अकराही वेळा आवाज फाटला. झग्याला अजून तुझ्या पावडरीचा वास आहे गं. त्या वासात खोटं बोलवेना. शेवटी ओळच बदलली, 'आईनं वाढवलंय, अडवून दाखवा.' एका दमात झाली.

तुझी फार आठवण येते. झालं, लिहून टाकलं.

नऊ झगे पाठवतोय. पिवळा ठेवलाय. ईस्टरला तू तोच घालतेस, म्हणून तो पोस्टानं येणार नाही. इथे येऊन घाल. चर्चला मी सोडीन, आणि या वेळी बाहेर गाडीत बसून राहणार नाही.

त्या दिवशी दारात मी आशीर्वाद मागितला आणि तू तशीच जिना उतरलीस. तो तेवढा येऊन तोंडानं दे.

तोवर आशीर्वादावाचून राहिलेला,
तुझा यादिएल