प्रियंकाले नेलं त्या दिवशी

फुलसावंगी
दि. ९ नोव्हेंबर २००६

प्रिय दीपाताईले नलूचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र भेटलं. दाजींचा ताप उतरला, बरं झालं. इकडं वेचणी सुरू आहे. खोलीत कापूस छतापर्यंत भरला, पण खरेदी केंद्र अजून उघडलं नाही. प्रियंकाची पोर वाटीचमच्यानं दूध घेते, रात्रीची कमी रडते. मी बरी आहे.

माझी जाऊ प्रियंका एवढी धडधाकट, मग बाळंतपणात गेली कशी, असं तू विचारलं. तिच्या पुण्यानुमोदनाले आलती तेव्हा तुले सांगता आलं नाही. तिचा नवरा संघदीप समोरच बसला होता.

त्या दिवशी दुपारी ती वावरातून आली अन् म्हणे, "जाऊबाई, डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली." पाय तं आधीपासूनच सुजले होते. बाळ मोठं आहे म्हणून आम्ही हसत होतो. मग तिले झटके आले. गावच्या नर्सबाईनं इंजेक्शन दिलं. म्हणे, "बीपी लई वाढलं. इथं ऑपरेशन होत नाही, लवकर न्या."

संघदीप अन् मी तिले जीपमधी घालून निघालो. रस्त्यात एक मोठा खासगी दवाखाना लागला. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "विमा आहे का?"

"नाही."

"मग अॅडव्हान्स भरा. डॉक्टर त्याशिवाय पाहत नाहीत."

"कापूस विकला की देतो ना बाई. आधी तिले हात तं लावा."

"माझ्या हातात नाही," म्हणे ती, अन् खाली पाहत राह्यली. संघदीप तिच्या पाया पडला. प्रियंका बाहेर जीपमधी पडून होती, दातखीळ बसलेली. लई वेळ गेला तिथं.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात कोणी काही विचारलं नाही, तशीच आत नेली. पोर वाचली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मले म्हणे, "इतका वेळ कुठं होता तुम्ही?"

ताई, मी बरी नाही. सातवा महिना लागला तसे माझेही पाय सुजले, चप्पल चढत नाही. ह्यायले दाखवले. म्हणतात, "कायले घाबरतं? सगळ्याच बायांचे सुजतात. कापूस विकला की दाखवू डॉक्टरले." ते वाईट नाहीत. पण त्या जीपमधी ते नव्हते.

काल कापूस वेचताना माझ्याही डोळ्यापुढं अंधारी आली. बांधावर बसून राह्यली. हे अजून कोणाले सांगितलं नाही, तुलेच सांगून राह्यली.

तुझी खोली यवतमाळच्या सरकारी दवाखान्याच्या मागंच आहे. बाळंत होईपर्यंत मले तिथं ठेव. धावजी जीपवाला आज यवतमाळले चालला, त्याच्या हाती हे पत्र देते. प्रियंकाच्या पोरीले सासूबाईजवळ ठेवून उद्या पहिल्या एसटीनं निघते. हे नाही म्हणाले तरी निघीन.

स्टँडवर ये. मी उतरली नाही, तं गाडीत चढून पाहा.

तुझीच
नलू