पुसलेला टग

मी, जयवंती वसंतराव देवस्थळी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, सरकारी विमा कंपनीच्या सागरी दावे विभागातून निवृत्त, राहणार रॉयपुरम, चेन्नई, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे काय करावे हे या कागदावर लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे, कारण मी रागावले की माझे वय काढण्याची माझ्या नातेवाइकांना सवय आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; आणला असता तर त्याचे नाव याच कागदावर आले असते. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळे काही माझा भाचा कौशिक याला दिले होते. ते का बदलले, हे पुढे येईल.

माझ्या वकील विद्यालक्ष्मी यांनी इंग्रजीत लिहा असा आग्रह धरला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी मला झोपेतही येते. पण नोकरीभर त्या भाषेत दाव्यांची पत्रे लिहिल्यामुळे कितीही संतापले तरी शेवटी 'आपली विश्वासू' हाताला येतेच. मराठी मला बाबांनी दर रविवारी एक पान लिहून घेऊन शिकवली, आणि तिच्यात मला कोणाची विश्वासू व्हावे लागत नाही. शिवाय कौशिकला मराठी अक्षर लावत वाचावी लागते. लावू दे. एकेक शब्द सावकाश आत जाईल.

कलम १. माझे दहन साधेपणाने करावे. वर्तमानपत्रात फोटो द्यायचाच असेल तर आहे तसा द्यावा. सुरकुत्या माझ्या आहेत, त्या कोणीही काढू नयेत.

कलम २. माझ्या मालकीचे काय आहे: रॉयपुरममधला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, ज्याच्या झोपायच्या खोलीतून बंदराचे तोंड दिसते, बँकेतल्या ठेवी, आईच्या दोन पाटल्या, एक लोखंडी कपाट, कॅमेरे, बर्मा बाजारात घेतलेली लांब पल्ल्याची जपानी लेन्स, आणि जहाजांचे फोटो. पर्यटकांच्या आलिशान बोटींचे नव्हेत. गहू आणणाऱ्या, कोळसा आणणाऱ्या, मोटारी घेऊन जाणाऱ्या, गंजलेल्या, कामाच्या जहाजांचे. हे फोटो मी नोकरीत असताना काढू लागले. दाव्यांच्या कागदांवर ज्यांची नावे रोज वाचायचे, ती दिसतात तरी कशी हे मला पाहायचे होते. बंदराच्या आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून सगळे किनाऱ्यावरून, लाटा अडवायला टाकलेल्या दगडांवर छत्री घेऊन बसून काढलेले. एका पोलिसाने एकदा विचारले, "अम्मा, हेर आहात का?" मी म्हटले, "हेर असते तर ही असली चप्पल घातली असती का?" तो माझ्या चपलेकडे पाहून निघून गेला.

कलम ३. हे कलम लांब आहे. विद्यालक्ष्मी म्हणाल्या, "आंटी, मृत्युपत्रात गोष्ट सांगत नाहीत." मी म्हटले, "मग कोर्टात भाचा सांगेल, ती ऐकाल?" तेव्हा त्यांनी मला आणखी कोरे कागद आणून दिले.

मोठे जहाज स्वतःहून धक्क्याला लागत नाही. त्याला टग लागतो. टग म्हणजे बुटकी, दांडगी, टायर लटकावलेली बोट. ती त्या धुडाला नाकाने ढकलते, दोराने ओढते आणि जागेवर नेऊन लावते. आमच्याकडे जहाजांचे फोटो काढणाऱ्यांचे एक लहानसे मंडळ होते. सगळे पुरुष आणि मी. त्यांच्या मते फोटो म्हणजे नाकापासून शेपटापर्यंत एकटे जहाज, मध्ये काहीही नको. टग सुटून जाईपर्यंत ते थांबायचे. मी टग असतानाच बटण दाबायचे. मंडळाची पद्धत अशी की प्रत्येकाने आपला फोटो छापून इतरांना पोस्टाने पाठवायचा. पाहणाऱ्याने त्यावर पेन्सिलीने शेरा मारून तो आपल्या संग्रहात ठेवायचा. मंडळाचे ज्येष्ठ सभासद कृष्णस्वामी राव, मूळचे तंजावरकडचे, माझ्या प्रत्येक फोटोतल्या टगवर लाल पेन्सिलीने मोठी फुली मारत आणि फोन करून त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणत, "जहाज सुंदर हो अम्मा, पण हा टग कशास?" माझ्या फोटोंना मंडळात कधी बक्षीस मिळाले नाही. ज्यांना मिळाले त्यांची जहाजे जणू स्वतःच चालत धक्क्याला गेली होती.

'मुल्लै' नावाच्या टगवर मारिमुत्तु म्हणून एक कप्तान होते. दगडांवर माझी छत्री दिसली की ते चक्रघराच्या, म्हणजे सुकाणूच्या खोलीच्या, दारात येऊन हात वर करत. आम्ही कधी बोललो नाही. एका फोटोत ते तसेच उभे आहेत: उजवा हात वर, मागे गव्हाच्या जहाजाची काळी भिंत, 'मुल्लै'चे नाक त्या भिंतीला टेकलेले. माझ्या सगळ्या फोटोंत मला तोच आवडे.

मारिमुत्तु वारल्यानंतर त्यांची मुलगी धनलक्ष्मी माझ्या दारात आली. ती तांबरमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझ्याविषयी काही छापून आले होते, त्यावरून तिने पत्ता काढला. म्हणाली, "आंटी, अप्पा घरी सांगायचे, एक छत्रीवाली बाई रोज माझा फोटो काढते. आम्हाला वाटायचं, थापा मारतात. लग्नातले फोटो आहेत, रेशनकार्डावरचा आहे. कामावरचा एकही नाही." मी तिला त्या फोटोची मोठी प्रत करून देण्याचा शब्द दिला. तो अजून पाळता आलेला नाही. हा राग त्याचा आहे.

त्याच आठवड्यात मी न्हाणीघरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. कौशिक मला आपल्या घरी घेऊन गेला. माझी बहीण क्षमा गेल्यावर तो माझ्याकडेच वाढला. त्याने आणि त्याच्या बायकोने, ऊर्मीने, माझे सगळे केले, यात खोट काढायला मला जागा नाही, आणि मी शोधली आहे. पण माझा फ्लॅट बंद करताना त्याने विजेचा मेन स्विच बंद केला.

माझ्या लोखंडी कपाटात तळाला एक लहान बल्ब रात्रंदिवस जळत असे. समुद्राच्या इतक्या जवळ निगेटिव्ह टिकवायच्या तर कपाट उबदार ठेवावे लागते, नाहीतर बुरशी धरते. हे कौशिकने लहानपणापासून पाहिलेले. त्या बल्बजवळ त्याने शाळेचे मोजे वाळवलेले आहेत. तरी तो म्हणाला, "शॉर्टसर्किट व्हायला नको म्हणून बंद केला, मावशी." आमच्याकडचा पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो. मी काठी घेऊन परत आले तेव्हा तो संपला होता. कपाटातून ओल्या पोत्याचा वास येत होता आणि निगेटिव्हचे निम्मे खोके रिकामे होते.

कौशिक म्हणाला, "मावशी, सरप्राइज आहे. काही विचारायचं नाही."

माझ्या पंचाहत्तरीला त्याने हॉटेलचा हॉल घेतला. भिंतीवर पडदे. पडदे बाजूला झाले आणि माझे फोटो दिसले, दारांएवढे मोठे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गव्हाचे जहाज मधोमध होते. त्याच्या नाकाशी निळे, सपाट, रिकामे पाणी होते.

मी विचारले, "टग कुठे आहे?"

"क्लीन करून घेतलं ना, मावशी!" कौशिकचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बुरशी, गंज, ते दोर, मध्ये आलेली ती बोट, सगळं काढलं. आता फक्त जहाज."

"आणि जहाजाचं नाव?"

"ते अर्धं उडालेलं होतं. बरं दिसत नव्हतं."

कृष्णस्वामी केकची बशी घेऊन शेजारी उभे होते. म्हणाले, "आत्ता कसं! इतकी वर्षं मी सांगतों, टग काढा, टग काढा. भाच्याने तरी ऐकलं." ही सल्लामसलत माझ्या पाठीमागे झाली होती, हे तेव्हा कळले.

"निगेटिव्ह?" मी विचारले.

"बुरशी लागलेल्या टाकल्या. वास येत होता. स्कॅन आहेत ना."

स्कॅन म्हणजे हेच, टग पुसलेले. स्कॅन करून देणाऱ्या दुकानवाल्याने मूळ फाइलमध्येच सफाई केली होती, आणि मूळ वेगळे ठेवावे हे ना त्याला सुचले ना कौशिकला.

त्या दिवशी धनलक्ष्मीला मीच बोलावले होते. ती त्या फोटोपाशी बराच वेळ उभी राहिली. मग जिथे 'मुल्लै' असायला हवा तिथे तिने बोट टेकवले आणि म्हणाली, "किती स्वच्छ पाणी आहे, आंटी." एवढेच. आपल्या बंदराचे पाणी असे कधीच नव्हते. ती केक खाऊन, मला नमस्कार करून गेली.

कौशिक इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग करतो. ते भाग बसवलेल्या मोटारी याच बंदरातून परदेशी जातात. ज्याच्या जोरावर ते जहाज धक्क्याला लागते आणि याच्या घरात पगार येतो, त्याला याने 'मध्ये आलेली बोट' म्हणून पुसून टाकले, आणि वर मला भेट म्हणून दिले. प्रेमाने केले हे मला कळते. प्रेमाने केले म्हणूनच मला ओरडता आले नाही, आणि तो राग तसाच राहिला. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ४. उरलेल्या निगेटिव्ह, छापील फोटो, डिजिटल फोटो आणि ते वापरण्याचा संपूर्ण अधिकार मी धनलक्ष्मी मारिमुत्तु यांना देते. अट एकच: त्यांतून काहीही पुसू नये. गंज नाही, धूर नाही, नाव नाही, माणूस नाही.

कलम ५. फ्लॅट आणि ठेवी कौशिकला. माझ्यामागे त्याच्याशिवाय कोणी नाही, आणि रागाच्या भरात घर वाटत सुटायला मी काही सिनेमातली आत्या नाही. पण गव्हाच्या जहाजाचा तो पुसलेला फोटो त्याने आपल्या दिवाणखान्यात, सोफ्यासमोर, मला दिला होता त्याच फ्रेममध्ये लावावा. पाहुण्याने विचारले की त्या रिकाम्या पाण्यात कोण होते हे सांगावे: टगचे नाव, कप्तानाचे नाव, आणि ते कोणी पुसले. तिसरे सांगताना आवाज खाली आणू नये.

कलम ६. लोखंडी कपाट धनलक्ष्मीकडे जाईपर्यंत त्यातला बल्ब चालू ठेवावा. विद्यालक्ष्मी म्हणाल्या, "बल्बसाठी कलम नसतं, आंटी." आता आहे.

कलम ७. आईच्या पाटल्या ऊर्मीला, बिनशर्त. त्या हॉलमध्ये माझा चेहरा पाहून टाळ्या थांबवणारी ती एकटीच होती.

कलम ८. 'मुल्लै'च्या त्या फोटोची एकच प्रत आता जगात आहे. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे मी ती कृष्णस्वामींना पाठवली होती; इतर सभासदांचे संग्रह त्यांच्यामागे रद्दीत गेले. कित्येकदा मागितली. दर वेळी उत्तर, "शोधतों हो," आणि लगेच, "ती लांब लेन्स आता तुम्हांस कशास लागते?" तर माझी लेन्स मी कृष्णस्वामी राव यांना देते, परंतु माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत त्यांनी ती प्रत धनलक्ष्मीच्या हाती दिली तरच. न दिल्यास लेन्स धनलक्ष्मीच्या कॉलेजला जाईल आणि कृष्णस्वामींना काही मिळणार नाही, माझ्या आठवणीसुद्धा नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील विद्यालक्ष्मी यांनी करावी. त्यांनी माझे वाक्य न वाक्य सहन केले आहे.

सही करण्यापूर्वीची भर. कलम ८ मी स्वतः फोन करून कृष्णस्वामींना वाचून दाखवले होते. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत मी थांबूं? मी तुमच्याहून वयानें थोर, माझं काय ते कोण सांगणार?" आज सकाळी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत फोटो घेऊन आले. त्यांना गाडीतून कौशिकने आणले. पंचाहत्तरीनंतर तो प्रथमच माझ्या दारात उभा होता. आत ये, असे मी म्हटले नाही, तो आला. धनलक्ष्मीला मी बोलावून घेतले.

फोटो पिवळा पडला आहे. 'मुल्लै' आहे, मारिमुत्तु दारात आहेत, हात वर आहे. आणि त्या सगळ्यावर कृष्णस्वामींची लाल फुली आहे. कृष्णस्वामी छताकडे पाहत होते.

कौशिक वाकून म्हणाला, "एवढंच ना? फुली मी काढून आणतो, मावशी. पाच मिनिटांचं काम आहे."

धनलक्ष्मीने फोटो छातीशी धरला. "नको," ती म्हणाली. "राहू दे. आता अप्पा कुठे होते ते शोधावं लागणार नाही."

लेन्स कृष्णस्वामींनी त्याच पिशवीतून नेली. त्यामुळे कलम ८ रद्द समजावे. कलम ५ जसेच्या तसे राहील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेण्याची माझी इच्छा नाही.

सही: जयवंती वसंतराव देवस्थळी

जयवंतीबाईंनी आम्हा दोघांच्या समोर, चष्मा पुसून, संपूर्ण शुद्धीत आणि स्पष्ट रागात सही केली. त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या केल्या. या मृत्युपत्राने आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: डॉ. दर्शन मुतालिक, दुसरा मजला, हीच इमारत
साक्षीदार २: कीर्तना सुब्रमणियन, समोरचा फ्लॅट

ठिकाण: रॉयपुरम, चेन्नई
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२५